स्टेम सेल + एनके सेलचं ‘तारुण्य पॅकेज’: पत्रकातले आकडे तपासायचे कसे?

हिशेबी

वय ६८, दोन्ही गुडघ्यांची झीज, मधुमेह गोळ्यांवर आटोक्यात, बाकी तब्येत ठीक. अशा व्यक्तीसाठी एका क्लिनिकने दिलेलं पत्रक समोर आहे. त्यातले दावे असे:

१. नाळेपासून मिळवलेल्या १० कोटी मेझेन्कायमल स्टेम सेल (हाड, चरबी, कूर्चा यांकडे वळू शकणाऱ्या पेशी), सलाइनमधून, एकाच बैठकीत.
२. त्याच दिवशी पोटाची चरबी काढून त्यातल्या ‘कोट्यवधी स्टेम सेल’ गुडघ्यात.
३. स्वतःच्याच रक्तातून वाढवलेल्या एनके पेशी (कर्करोगी आणि विषाणूबाधित पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी), महिन्यातून एकदा. याने म्हणे रोगप्रतिकारशक्तीचं वय कमी होतं.
४. हवं असल्यास वरून एक्सोसोम (पेशींनी बाहेर सोडलेले सूक्ष्म कण).

खाली ठळक अक्षरांत ‘पूर्ण नैसर्गिक, दुष्परिणाम नाहीत’, आणि शेवटी कार-टी थेरपीला (जनुक बदललेल्या टी पेशींनी रक्ताच्या कर्करोगावर करायचा उपचार) मान्यता मिळाल्याचा उल्लेख, जणू ते आणि हे एकच.

‘सगळं थोतांड आहे’ किंवा ‘आमच्या ओळखीत एकांना फरक पडला’ ही उत्तरं नकोत, ती भरपूर मिळाली. यातलं मोजता काय येतं, कुठला कागद मागायचा आणि गडबड नेमकी कुठे होते, एवढं जाणकारांनी सांगावं.

पेशीशाळा

दावा क्र. २ पासून सुरू करतो, कारण तो साध्या गुणाकारात तपासता येतो.

१०० मिली चरबी काढली आणि कोलाजिनेज या विकराने नीट पचवली, तर एका मिलीतून साधारण ५ ते १० लाख पेशी सुट्या होतात. म्हणजे एकूण ५ ते १० कोटी. पण या मिश्रणात पांढऱ्या पेशी, रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी, तंतुपेशी असं सगळंच येतं. ज्यांना स्टेम सेल म्हणता येईल त्या त्यातल्या १ ते १० टक्के. हिशेब ५ लाखांपासून जेमतेम १ कोटीपर्यंत. विकर न वापरता नुसती चरबी घुसळून गाळली, तर आकडा याहून बराच खाली जातो. लाल पेशी फोडून न टाकता यंत्रावर मोजणी केली तर मात्र तो छान फुगतो, आणि पत्रकात बहुतेक वेळा हाच फुगलेला आकडा छापलेला असतो.

अस्थिमज्जेचं गणित तर आणखी बारीक. ६० मिली मज्जेत केंद्रक असलेल्या पेशी १२० ते १८० कोटी धरा. त्यात मेझेन्कायमल पेशींचं प्रमाण ०.००१ ते ०.०१ टक्के. हाती लागतात १२ हजार ते १ लाख ८० हजार. शिवाय एकाच जागेतून सुई न हलवता ओढत राहिलं की पहिल्या काही मिलीनंतर मज्जेऐवजी रक्तच येतं. त्यामुळे ‘त्याच दिवशी’ आणि ‘कोट्यवधी’ हे दोन शब्द एका वाक्यात आले की समजावं, मोजणी कुणी केलेलीच नाही.

१० कोटी हवे असतील तर पेशी काही आठवडे प्रयोगशाळेत वाढवाव्याच लागतात. म्हणजे दावा क्र. १ संख्येच्या दृष्टीने शक्य आहे. तिथे प्रश्न संख्येचा नसून वेगळाच आहे: त्या पेशी नक्की कोण आहेत, जिवंत किती आहेत आणि शरीरात जातात कुठे?

‘कोण आहेत’ याला २००६ पासून आंतरराष्ट्रीय निकष आहे. प्लॅस्टिकला चिकटून वाढणं. सीडी७३, सीडी९०, सीडी१०५ या खुणा ९५ टक्के किंवा अधिक पेशींवर असणं. सीडी४५, सीडी३४, एचएलए-डीआर वगैरे रक्तपेशींच्या खुणा २ टक्के किंवा त्याहून कमी असणं. आणि योग्य माध्यमात ठेवल्यावर हाड, चरबी, कूर्चा या तिन्हीकडे वळता येणं. हे सगळं बॅचच्या प्रमाणपत्रावर आकड्यांत हवं. ‘अनुरूप’ असा शिक्का पुरत नाही. सोबत पॅसेज क्रमांक (पेशी कितव्यांदा नव्या भांड्यात वाढवल्या) बघा. तिसरा ते पाचवा असेल तर ठीक. आठव्या-दहाव्यापर्यंत ताणलेल्या पेशी स्वतःच म्हातारपणाकडे झुकलेल्या असतात, आणि त्या कुणाला तरुण करायला द्यायच्या हा विनोदच आहे.

‘जातात कुठे’ याचं उत्तर पत्रकात कधीच नसतं. वाढवलेली मेझेन्कायमल पेशी १५ ते ३० मायक्रॉनची, फुफ्फुसातली केशवाहिनी ५ ते १०ची. शिरेतून दिलेल्या बहुतेक पेशी पहिल्याच फेरीत फुफ्फुसात अडकतात आणि काही दिवसांत नाहीशा होतात. गुडघ्यात, मेंदूत, स्वादुपिंडात जाऊन ‘नवीन ऊती’ बनवत नाहीत. परिणाम होतो तो त्यांनी सोडलेल्या रेणूंमुळे आणि त्यांना गिळणाऱ्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींचा स्वभाव बदलल्यामुळे. १९९१मध्ये या पेशींना ‘मेझेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव देणाऱ्या आर्नल्ड कॅप्लान यांनीच २०१७मध्ये ‘यांना स्टेम सेल म्हणणं थांबवा’ असं लिहिलं होतं.

म्हणून या पेशींचा खरा उपयोग जिथे दिसतो तिथे काम दाह शमवण्याचं असतं. अमेरिकेत मान्यता मिळालेलं पहिलं मेझेन्कायमल औषध रेमेस्टेमसेल-एल हे डिसेंबर २०२४चं: मुलांमध्ये प्रत्यारोपणानंतर दात्याच्या पेशी रुग्णावर उलटतात आणि स्टिरॉइडलाही दाद देत नाहीत, त्या आजारासाठी. मात्रा किलोमागे २० लाख पेशी, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. म्हणजे मान्यताप्राप्त वापरातही ‘एकाच बैठकीत’ काम भागत नाही.

रक्तविकार_कक्ष

कार-टीचं नाव त्या पत्रकात आलंय म्हणून तेवढ्यापुरतं लिहिते.

कार-टीमध्ये रुग्णाच्या रक्तातून टी पेशी (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) वेगळ्या काढतात (यंत्रावर ३ ते ६ तास), त्यांच्यावरच्या सीडी३ आणि सीडी२८ या खुणांना चिकटणाऱ्या मण्यांनी त्यांना जागं करतात, विषाणू-वाहकातून कृत्रिम ग्राहकाचं जनुक आत घालतात, वाढवतात, तपासतात, गोठवून परत पाठवतात. रक्त काढल्यापासून पेशी परत शिरेत जाईपर्यंत ३ ते ५ आठवडे सहज जातात. पेशी देण्याआधी शरीरातल्या लिम्फोसाइट (टी, बी, एनके या पांढऱ्या पेशी) कमी कराव्या लागतात. अ‍ॅक्सि-सेल या कार-टी औषधासाठी फ्लुडाराबिन ३० मिग्रॅ आणि सायक्लोफॉस्फामाइड ५०० मिग्रॅ प्रति चौरस मीटर, तीन दिवस. ही केमोथेरपीच आहे. जागा रिकामी केली नाही तर नव्या पेशी टिकत नाहीत.

मग पहिल्या दोन आठवड्यांत ताप, रक्तदाब घसरणं, ऑक्सिजन कमी होणं: सायटोकाइनचं (पेशींनी सोडलेल्या दाहकारक रेणूंचं) वादळ. त्यावर टोसिलिझुमॅब हे औषध, किलोला ८ मिग्रॅ, जास्तीत जास्त ८०० मिग्रॅ. मेंदूवर परिणाम होतोय का हे ओळखायला रोज दहा गुणांची तोंडी परीक्षा घेतात: साल, महिना, गाव, रुग्णालय, तीन वस्तूंची नावं, एक साधी आज्ञा, शंभरापासून दहा-दहाने उलटे आकडे, आणि एक वाक्य लिहून दाखवणं. हे वाक्य रोज त्याच वहीत लिहून घ्यावं. ताप उतरलेला, बोलणं व्यवस्थित, आणि अक्षर मात्र कालच्यापेक्षा वेडंवाकडं, ओळ खाली घसरलेली, असं दिसलं की डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची तयारी करायची. कधीकधी अक्षर बाकी सगळ्यांच्या आधी बिघडतं.

पुढे प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी नाहीशा झाल्याने आयजीजी (रक्तातली मुख्य प्रतिपिंडं) ४०० मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली गेलं आणि संसर्ग होत राहिले तर बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन द्यावं लागतं. जानेवारी २०२४मध्ये एफडीए या अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने टी पेशींच्या दुय्यम कर्करोगाचा ठळक इशारा लेबलवर टाकायला लावला. २०२३अखेर २७ हजारांहून अधिक मात्रांमागे अशी २२ प्रकरणं नोंदलेली होती. इतर उपाय हरलेल्या लिम्फोमात (लिम्फोसाइटच्या कर्करोगात) हा धोका पत्करणं शहाणपणाचं आहे. ६८ वर्षांच्या, धडधाकट, फक्त गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी धोक्याचं गणित वेगळंच बसतं.

पत्रकातल्या एनके पेशींमध्ये ना जनुक बदललेलं असतं, ना आधी जागा रिकामी केलेली असते. कार-टीचं यश त्यांच्या खात्यावर जमा करता येत नाही.

हिशेबी

दोघांचेही आभार. एनकेबद्दल थोडं सविस्तर मिळेल का? पत्रकात ‘१०० कोटी एनके पेशी’ आणि सोबत उपचाराआधी व नंतरच्या ‘एनके अ‍ॅक्टिव्हिटी’चा आलेख आहे. आलेख चढताच आहे.

शीतगृह

१०० कोटी आकडा अशक्य नाही. ५० मिली रक्तात एनके पेशी साधारण १ कोटीच्या आसपास मिळतात, आणि आयएल-२ (पेशींना वाढायला लावणारं प्रथिन) व पोषक पेशींच्या जोरावर दोन-तीन आठवड्यांत त्या शंभर पट वाढवता येतात. मात्र नुसत्या आयएल-२वर वाढवलं की सोबत टी पेशीही माजतात. म्हणून ‘एकूण पेशी १०० कोटी’ हा आकडा बाजूला ठेवा आणि विचारा: सीडी५६ (एनकेची खूण) आहे पण सीडी३ (टी पेशींची खूण) नाही, अशा पेशी किती टक्के? दुसरा प्रश्न: के५६२ या कर्करोगी पेशींवर मारकक्षमतेची चाचणी केली का, आणि कुठल्या गुणोत्तरात? ‘५० टक्के मारल्या’ याला गुणोत्तराशिवाय अर्थ नाही. एका लक्ष्यपेशीमागे दहा एनके सोडल्या आणि एकच सोडली, यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

गोठवलेल्या होत्या का तेही विचारा. एनके पेशी गोठवणं मानवून घेत नाहीत. वितळल्यावर जिवंतता ८० टक्के दिसते आणि मारकक्षमता मात्र उतरलेली असते, म्हणून मोजणी वितळल्यानंतरची हवी.

आलेखाबद्दल: जोरात जिना चढून लगेच रक्त दिलं तरी रक्तातल्या एनके पेशी काही काळ दुप्पट-तिप्पट दिसतात. वेळ, ताण, ताजं सर्दीपडसं, सगळ्याने हा आकडा हलतो. आधीचा एक ठिपका आणि नंतरचा एक ठिपका जोडून रेष काढली की ती कुठेतरी चढणार किंवा उतरणारच. चढलेल्या तेवढ्या पत्रकात येतात. आणि समजा आकडा खरोखर वाढला, तरी त्यामुळे पुढे कर्करोग किंवा संसर्ग कमी झाले हे निरोगी माणसांत दाखवलेलं नाही.

आता माझा मुख्य मुद्दा, ज्याबद्दल फार कमी लोक विचारतात: निर्जंतुकता.

नेहमीची इंजेक्शनं शेवटच्या टप्प्यात उष्णतेने किंवा बारीक गाळणीने निर्जंतुक करता येतात. पेशींचं तसं नाही, जंतू मरेल त्यात पेशीही मरते. त्यामुळे सुरुवातीपासून शेवटपर्यंत प्रत्येक पायरी निर्जंतुक ठेवणं एवढाच मार्ग उरतो. प्रमाणित निर्जंतुकता चाचणीला १४ दिवस लागतात. गोठवलेल्या उत्पादनात निकाल येईपर्यंत थांबता येतं. ताज्या एनके पेशी मात्र तासांच्या हिशेबात द्याव्या लागतात, म्हणजे अंतिम निकाल येतो तेव्हा पेशी शरीरात जाऊन आठवडा-दोन आठवडे झालेले असतात. चांगली प्रयोगशाळा यावर तोडगा काढते: कल्चरमधला नमुना काही दिवस आधीच लावते, सोडण्याच्या दिवशी ग्रॅम स्टेन (जिवाणू रंगवून बघणं), एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) आणि मायकोप्लाझ्माची (कल्चरमध्ये लपणारा बारीक जिवाणू) जलद चाचणी करते, आणि नंतर निकाल ‘पॉझिटिव्ह’ आला तर रुग्णाला कोण, किती तासांत कळवणार हे लेखी ठेवते. हा शेवटचा कागद मागून बघा. तिथेच बहुतेकांची ततपप होते.

हे नुसतं पुस्तकी नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये जपानमध्ये, जिथे या क्षेत्राला २०१४पासून स्वतंत्र कायदा आहे, कर्करोग टाळण्यासाठी एनके पेशी घेतलेल्या दोघांना सेप्सिस (जंतुसंसर्गाने जिवावर बेतणारी अवस्था) झाला आणि आरोग्य मंत्रालयाने काम थांबवण्याचा आदेश काढला. त्याआधी २०१८मध्ये अमेरिकेत नाळेच्या रक्तापासूनचं उत्पादन सांध्यात-मणक्यात टोचून घेतलेल्या १२ जणांना जिवाणूसंसर्ग झाला, त्यात ई. कोलाय होता. आतड्यातला जंतू, आणि तो बंद कुपीत सापडला.

प्रमाणपत्रावर बघायचे आकडे: जिवंतता ७० टक्क्यांच्या वर, एंडोटॉक्सिन शिरेतून देताना तासाला किलोमागे ५ एककांच्या आत बसेल असं, मायकोप्लाझ्मा नाही, दात्याच्या एचआयव्ही, हेपॅटायटिस बी-सी, सिफिलिस चाचण्यांच्या तारखा. बॅच क्रमांक प्रमाणपत्रावर, पिशवीवर आणि केसपेपरवर तिन्हीकडे एकच असायला हवा.

खाटेशेजारी काय होतं तेही सांगतो. गोठवलेल्या पेशी द्रव नायट्रोजनच्या वाफेत उणे १५० अंशांखाली ठेवलेल्या असतात. पिशवी ३७ अंशांच्या पाण्यात धरतात, आत बर्फाचा एक लहान खडा उरला की बाहेर काढतात. पूर्ण वितळून पिशवी कोमट होईपर्यंत पाण्यात राहिली तर गोठवताना पेशींना जपणारं डीएमएसओ हे द्रव्यच त्यांना मारू लागतं. डीएमएसओ गेलं की रुग्णाच्या श्वासाला लसणासारखा वास येतो, तो एखाददोन दिवस टिकतो, घाबरू नये. सलाइनच्या नळीला पांढऱ्या पेशी अडवणारी गाळणी अजिबात नको, नाहीतर सगळा खटाटोप गाळणीतच अडकून राहील. रक्त देण्याची साधी जाळी चालते. पिशवी टांगून ठेवून दिली की पेशी तळाशी बसतात आणि एकदम गोळ्याने खाली येतात, म्हणून दर काही मिनिटांनी हलक्या हाताने हलवायची. आणि पिशवी संपल्यावर तीच सलाइनने धुऊन तेही द्यायचं, बऱ्याच पेशी कडेला चिकटलेल्या असतात.

पेशीशाळा

वरच्याला जोड: मेझेन्कायमल पेशींच्या पृष्ठभागावर टिशू फॅक्टर असतं, जे रक्त गोठवतं. चरबी आणि वार-नाळ यांच्या पेशींवर ते अस्थिमज्जेच्या पेशींपेक्षा जास्त. पायाच्या शिरेत पूर्वी गुठळी झालेली असेल तर ‘नैसर्गिक, दुष्परिणाम नाहीत’ या ओळीवर विसंबून चालणार नाही. सलाइन चालू असताना धाप किंवा छातीत दाब जाणवला तर लगेच थांबवायचं.

जरा_विज्ञान

वरचे प्रतिसाद मान्य. पण धाग्याचा सूर ‘हे क्षेत्र म्हणजे पत्रकबाजी’ असा होत चाललाय, तिथे मी असहमत आहे. पेशी-उपचारांचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत आणि पत्रकं त्यांची मुद्दाम सरमिसळ करतात.

एक, मेलेल्या किंवा निकामी पेशीच्या जागी नवी, काम करणारी पेशी बसवणं. रक्तासाठी हे अस्थिमज्जा प्रत्यारोपणात कित्येक दशकं चालू आहे, त्यासाठी ई. डोनॉल थॉमस यांना १९९०चं नोबेल मिळालं. जपानी शास्त्रज्ञ यामानाकांनी चार जनुकांनी त्वचेची पेशी मागे, स्टेम सेलच्या अवस्थेत नेऊन दाखवल्यावर (उंदीर २००६, माणूस २००७) बाकी अवयवांचाही मार्ग उघडला. २०२५मध्ये आलेले निकाल पाहा: भ्रूणीय स्टेम सेलपासून बनवलेल्या स्वादुपिंडाच्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बेटपेशी यकृतात जाणाऱ्या शिरेत सोडल्यावर पूर्ण मात्रा घेतलेल्या १२ जणांपैकी १० जण वर्षभराने इन्सुलिनशिवाय होते. पण हा टाइप १ मधुमेह, तोही साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरणारा, आणि प्रतिकारदमन औषधं चालू ठेवून. हिशेबींनी सांगितलेल्या, गोळ्यांवर आटोक्यात असलेल्या मधुमेहाशी याचा संबंध नाही.

दोन, नको असलेली पेशी हटवणं. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या गटाने बी पेशींविरुद्धची कार-टी ल्युपसला (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) लावली. २०२४च्या अहवालात १५ रुग्ण होते, त्यातले ८ ल्युपसचे. आठही जणांचा आजार ओसरला आणि प्रतिकारदमन औषधं बंद झाली. वार्धक्याच्या बाबतीत मला सर्वांत आशादायक वाटतं ते याच रांगेतलं: यूपीएआर ही खूण असलेल्या जीर्ण (विभाजन थांबलेल्या, पण न मरणाऱ्या) पेशी मारणारी कार-टी. २०२०मध्ये उंदरांच्या यकृतातली तंतुमयता कमी झाली, २०२४मध्ये म्हाताऱ्या उंदरांची साखर हाताळण्याची क्षमता सुधारली. एका मात्रेचा परिणाम बराच टिकला. पण हे सगळं उंदरांत. माणसात देताना रक्तविकार_कक्ष यांनी वर लिहिलेला सगळा पसारा सोबत येतो, आणि जीर्ण पेशी जखम भरण्यातही काम करतात हेही ध्यानात ठेवावं लागतं.

वयोमानाने येणाऱ्या अशक्तपणावर मेझेन्कायमल पेशींच्या चाचण्या झाल्या आहेत, त्या झटकून टाकू नयेत. २०१७च्या एका चाचणीत ३० जण होते: १० कोटी, २० कोटी आणि नुसतं औषधहीन सलाइन. गंमत म्हणजे १० कोटींचा गट २० कोटींपेक्षा सरस निघाला. त्यामुळे ‘दुप्पट मात्रेचं सुपर पॅकेज’ कुणी देऊ करत असेल तर त्याला आधार नाही. तीस माणसांवर ‘तारुण्य’ हा शब्द उभा राहत नाही, हेही तितकंच खरं.

गुडघ्याचं मात्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे. २०२३मध्ये सुमारे ४७५ जणांची तुलनात्मक चाचणी प्रसिद्ध झाली: अस्थिमज्जेचा अर्क, चरबीतल्या पेशी, नाळेतल्या पेशी आणि साधं स्टिरॉइडचं इंजेक्शन. वर्षभराने वेदनेत पेशींचा कोणताही प्रकार स्टिरॉइडपेक्षा सरस ठरला नाही. आणि स्टिरॉइडचा परिणाम स्वतःच काही आठवड्यांचा असतो, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेली पायरी उंच नव्हती. दावा क्र. २ला मी तरी इथेच फुली मारेन.

रक्तविकार_कक्ष

एक्सोसोम राहिलं. कुठल्याही आजारासाठी अमेरिकेत मान्यता मिळालेलं एक्सोसोम उत्पादन नाही. एफडीएने डिसेंबर २०१९मध्ये त्याबद्दल सार्वजनिक इशाराही दिला होता. कुपीत कण किती, कुठल्या पेशींपासून, आणि मात्रा कशावरून ठरवली, यातल्या एकाचंही उत्तर मिळत नाही.

‘डोळ्यांसाठीही करतो’ असं कुणी म्हणालं तर तिथून सरळ उठा. २०१७मध्ये तीन महिलांचं प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात आलं: चरबीतल्या पेशी दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचल्या आणि तिघींचीही दृष्टी जवळपास गेली. प्रयोगात दोन्ही डोळे एकदम कधीच घेत नाहीत, एवढा एकच नियम पाळला असता तरी एकेक डोळा वाचला असता.

हिशेबी

शेवटची शंका. ‘आमचा अभ्यास क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या अमेरिकी नोंदणी-संकेतस्थळावर नोंदलेला आहे’ असं सांगून क्रमांक दिलाय. आणि दुसऱ्याच्या नाळेच्या पेशी घेतल्याने पुढे काही अडतं का? मधुमेह आहे, उद्या मूत्रपिंडाचा प्रश्न आला तर?

पेशीशाळा

नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे, ती अभ्यास करणारे स्वतःच भरतात. क्रमांक टाकून तीन रकाने बघा: तुलनेचा गट आहे का, मुख्य निष्कर्ष म्हणून काय मोजणार, आणि निकाल टाकलेत का. सहभागी होण्यासाठी रुग्णाकडूनच पैसे घेतले जात असतील तर संमतिपत्रात तसं लिहिलंय का तेही वाचा.

मूत्रपिंडाची शंका रास्त आहे. ‘या पेशी शरीराला परक्या वाटत नाहीत’ हे अर्धसत्य आहे. त्यांच्यावर एचएलए (पेशी आपली की परकी हे ठरवणाऱ्या) वर्ग १च्या खुणा असतात, दाह झाला की वर्ग २च्याही येतात, आणि घेणाऱ्यांपैकी काहींच्या रक्तात दात्याच्या एचएलएविरुद्ध प्रतिपिंडं तयार झालेली आढळतात. एरवी त्याने बिघडत नाही, पण प्रत्यारोपणाची वेळ आली की जुळणारे दाते कमी होतात. क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन आत्ताच बिघडलेलं असेल, तर परक्या पेशी घेण्याआधी मूत्रपिंडतज्ज्ञांना विचारा. आधीच घेतल्या असतील तर पीआरए ही अशी प्रतिपिंडं शोधणारी रक्तचाचणी करून निकाल फाइलला लावा, आणि दात्याचं एचएलए टायपिंग क्लिनिककडून लेखी मागून घ्या. पुढे प्रतिपिंडं सापडली तर ती कशामुळे आली ते त्याच कागदावरून जुळवता येतं.